क्षमायाचनेची बैठकव्यवस्था

"एव्हलीना, चल ग. मागं राहू नकोस."

आईची ही हाक एव्हलीना चिझमच्या कानांत सत्तर वर्षांनंतरही ओली आहे. सेंट ज्यूड बेटावरच्या दफनभूमीतून घरी निघताना आई प्रत्येक लेकराला नाव घेऊन बोलवायची, मग ते लेकरू तिच्या झग्याला लोंबकळत का असेना. देह चालत घरी येतो, जिवाचं तसं नसतं. त्याला खाडीवरचा वारा आवडतो, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ आवडतं, आणि तो तिथंच रेंगाळतो. नाव घेतलं की येतो, पाय ओढत, पण येतो.

माणूस जिथून निघतो तिथं त्याचं काहीतरी मागं राहतं, हे सत्य त्या बेटावर पूर्वापार सर्वमान्य आहे. मागं राहिलेल्याचं करायचं काय हे ठरवायला समिती लागते, हे सत्य मात्र अलीकडचं. त्याचं सगळं श्रेय हेरन पॉइंट प्लँटेशनच्या रहिवाशांना दिलं पाहिजे.

हेरन पॉइंट प्लँटेशन ही बेटाच्या पूर्व टोकाला, कुंपणाच्या आत वसलेली अतिशय शांत वसाहत. आत गोल्फचं मैदान आहे, दोन तळी आहेत, तळ्यांत मगरी आहेत (मगरींना पास लागत नाही). रहिवासी बहुतेक उत्तरेकडच्या थंड राज्यांतून निवृत्त होऊन इकडे साउथ कॅरोलिनात उन्हाला आलेले. जिथं आज गोल्फच्या शेवटच्या भोकाभोवतीची हिरवळ आहे, तिथं एकेकाळी एव्हलीनाचे खापरपणजोबा कापूस वेचत. त्या काळी कापूस वेचणाऱ्याला मळ्याबाहेर जायचं तर मालकाची चिठ्ठी लागे. आता त्याच्या वंशजांना मळ्याच्या आत यायचं तर फाटकावर पास लागतो. म्हणजे व्यवस्था मुळापासून उलटी झाली. प्रगती म्हणतात ती याहून वेगळी काय असते.

दफनभूमी या कुंपणाच्या आत राहिली. तिथं जायचा हक्क चिझम मंडळींना किंवा इतर कुणाला कधीच नाकारला गेला नाही, तो फक्त नियमित करण्यात आला. आठवड्याच्या कामकाजी दिवसांत, दुपारी चारपर्यंत, एका वेळी एक गाडी. फुलं चालतील. गाणं शक्यतो मनात. गोल्फ स्पर्धेच्या दिवशी शोक बेतानं. नवीन दफन: तूर्त स्थगित, धोरण ठरेपर्यंत.

या शेवटच्या ओळीपाशी एव्हलीना अडली होती.

तिचा थोरला भाऊ आयझेया. बेटावर त्याला आयझेया कुणी म्हणत नसे. तिथं प्रत्येक मुलाला पाळण्यातच एक घरगुती नाव मिळतं. याचं होतं कूटा, म्हणजे कासव, कारण तो जन्मालाही सावकाश आला होता. आयुष्यभर कोळंबीची जाळी विणली, आता वय झालं, काळीज दुबळं झालं, आणि त्याची एकच मागणी उरली. आईच्या शेजारी, ओकखाली, पाण्याकडे पाय करून.

"हमरस्त्याकडच्या त्या नव्या दफनभूमीत टाकलंस ना एव्ही," तो म्हणायचा, "तर रोज येऊन तुझ्या रेडिओचं बटण फिरवीन. बातम्या लावीन. नुसत्या बातम्या."

म्हणून एव्हलीना त्या समितीत गेली. दुसरं काही कारण नव्हतं.

समितीचं पूर्ण नाव 'ऐतिहासिक क्षमायाचना व सामुदायिक उपशमन समिती'. अध्यक्ष डॉ. ग्रेगरी हॉल्टमन, ओहायोचे निवृत्त दंतवैद्य. लोकांना तोंड उघडून गप्प बसवायचं आणि स्वतः बोलत राहायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय होता, त्यामुळे अध्यक्षपदासाठी दुसरं नाव पुढे आलंच नाही. माणूस मनाचा अतिशय चांगला. एका हिवाळ्यात गुलामगिरीविषयी वाचत असताना त्यांना एकदम जाणवलं की आपण जिथं बसून वाचतोय तिथं हे सगळं घडलंय. त्यांनी त्याच दिवशी खुर्ची बदलली. पण तेवढ्यानं बरं वाटेना, म्हणून समिती काढली.

दुसऱ्या सदस्य पॉला विंटर्स, कनेटिकटमध्ये योगासनं शिकवायच्या. यांचे आजोबा नॉर्वेहून आले ते गुलामगिरी संपून पिढी उलटल्यावर, तेही सरळ बर्फात. पण वसाहतीत सर्वांत जास्त अपराधी कुणाला वाटत असेल तर पॉलाबाईंना. तिसऱ्या मिसेस ऑगस्टा थॉर्नवेल. समितीतल्या एकट्या याच इथल्या मातीतल्या. ही सगळी जमीन यांच्या पणजोबांच्या वडिलांची, जमिनीवरची माणसंही त्यांचीच. पहिल्या बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना घरच्यासारखं वागवायचे, असं ऐकलंय." त्यावर जी शांतता पसरली, ती पाहून त्यांनी लोकर काढली आणि विणायला लागल्या. तेव्हापासून समितीत अशी सुंदर विभागणी झाली की ज्यांच्या पूर्वजांनी काही केलं नव्हतं ते अखंड बोलत, आणि ज्यांच्या पूर्वजांनी केलं होतं त्या स्वेटर विणत.

समितीनं आधी पाहणी केली. वसाहतीतल्या एकाहत्तर टक्के रहिवाशांना अपराधी वाटत असल्याचं आढळलं. अठरा टक्क्यांना ते सकाळी वाटे आणि गोल्फनंतर वाटेनासं होई. नऊ टक्क्यांनी प्रश्नावलीला क्लबचं मेन्यूकार्ड समजून भेंडीचं सूप मागवलं. उरलेले दोन टक्के म्हणजे मिसेस थॉर्नवेल.

मग वसाहतीच्या नावातल्या 'प्लँटेशन' या शब्दाचा प्रश्न आला. हा शब्द म्हणजे जुना कापसाचा मळा, त्यावरचे गुलाम, सगळंच आलं; तो फलकावर मिरवणं लाजिरवाणं आहे यावर एकमत झालं. फलक उतरवला गेला. नव्या फलकावर नुसतं 'हेरन पॉइंट' असं कोरलं, आणि खाली, पिझ्झा घेऊन येणाऱ्यांची चुकामूक होऊ नये म्हणून, बारीक अक्षरांत 'पूर्वाश्रमीचे प्लँटेशन'.

एवढं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की माफी मागायची तर समोर माणूस लागतो.

एव्हलीना निवृत्त मुख्याध्यापिका. बेटावरच्या निम्म्या लोकांना तिनं व्याकरण शिकवलेलं, उरलेल्या निम्म्यांना शिकवायचा प्रयत्न केलेला. तिला समितीवर 'क्षमाग्राही सदस्य' म्हणून घेतलं. कर्तव्यं अशी: उपस्थित राहणे, ऐकणे, मान हलवणे, दुखावले जाणे (ऐच्छिक). सगळे तिला पहिल्या नावानं, नुसतं 'एव्हलीना' म्हणत. बेटावर तिच्या वयाच्या बाईला 'मिस' लावल्याशिवाय कुणी हाक मारत नाही, पण उत्तरेकडे जिव्हाळा असाच दाखवतात, हे तिला माहीत होतं. मिसेस थॉर्नवेल तेवढ्या 'मिस एव्हलीना' म्हणायच्या. यांतलं जास्त काय बोचतं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पहिल्याच बैठकीत तिच्या हाती क्षमापत्राचा मसुदा आला. 'या ठिकाणी भूतकाळात काही व्यक्तींना गुलामगिरीत ठेवले गेले व त्यातून वेदना निर्माण झाल्या, याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.'

एव्हलीनाचा हात सवयीनं पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे गेला.

"डॉक्टर, यात कर्ता कुठाय?"

"कोण कर्ता?"

"वाक्याचा. ठेवले गेले, ठीक. कुणी ठेवलं?"

"इतिहासानं," पॉलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतिहासाला हात असतात होय?"

"तसं नाही एव्हलीना," डॉक्टर म्हणाले, "कर्ता घातला तर वाक्य फार लांबेल. लोकांचं लक्ष उडतं."

"नाव तेवढं काही लांब नाही," एव्हलीना म्हणाली, आणि ज्या बाजूनं सुयांचा टिकटिक आवाज येत होता तिकडे तिनं पाहिलं नाही. सुया क्षणभर थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

व्याकरणाची उपसमिती नेमली गेली. तिनं मोठ्या अभ्यासानं निष्कर्ष काढला की कर्तरी प्रयोगात कुणीतरी एकटं पडतं. कर्मणी प्रयोग हा अधिक सर्वसमावेशक आहे. पुढे शब्दावर चर्चा झाली. 'माफी' हा शब्द फार थेट वाटला. 'क्षमा' धार्मिक. 'दिलगिरी' टेलिफोन कंपन्या वापरतात. 'खेद' मात्र कुणालाही, कशाहीबद्दल, अगदी हवामानाबद्दलही वाटू शकतो, त्यामुळे तो सर्वांत सुरक्षित. एव्हलीनानं हे सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांच्या दंडावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या मुलखात हे वाक्य जपून वापरतात. पाहुण्यानं कॉफीत मीठ घातलं, पुतण्यानं भरतीच्या वेळी गाडी वाळूत उभी केली, माणूस इतका पोचलेला निघाला की आता शिव्या देऊनही उपयोग नाही, की मग मऊ आवाजात, हात धरून म्हणायचं: देव तुझं भलं करो. दक्षिणेत जन्मलेल्या गोऱ्या-काळ्या कुणालाही याचा अर्थ आईच्या दुधाबरोबर कळतो. ओहायोत कळत नाही. इतिवृत्तात नोंद झाली, 'एव्हलीना यांनी समितीस आशीर्वाद दिले.' त्यानंतर जवळजवळ प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात आशीर्वादाची नोंद आहे. काहींत दोनदा. समितीचं मनोधैर्य यावरच टिकून होतं. प्रत्येक आशीर्वादाला मिसेस थॉर्नवेल यांचा एक टाका सुटत असे, पण अर्थ त्यांनी कुणाला सांगितला नाही. एव्हलीनानंही सांगितला नाही.

फाटकाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नियमानं असे. सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी असे 'सामूहिक मौन', आणि मौनात समिती इतकी खोल जाई की बाहेर येईपर्यंत क्लबच्या जेवणाची वेळ झालेली असे.

एकदा एव्हलीनानं मौनाच्या आधीच तोंड उघडलं. "डॉक्टर, आज फाटकाचं आधी घ्या. भावाला बरं नाही. त्याच्या जागेचं लिहून द्या, म्हणजे मला झोप लागेल."

"एव्हलीना," डॉक्टर कळवळून म्हणाले, "फाटक ही अगदी वरवरची गोष्ट आहे हो. आपण मुळाशी जातोय."

"त्यालाही मुळाशीच जायचंय. ओकच्या."

पॉलाबाईंनी मग एक असा मुद्दा मांडला की त्याला उत्तर नव्हतं. "समजा, आपण फाटक उघडलं," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याला बरं वाटलं तर? इतक्या सहज बरं वाटून घेण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?" सदस्य अंतर्मुख झाले. कुणी नाही म्हणत नव्हतं, सगळे हो म्हणायला स्वतःला अपात्र समजत होते. अशा रीतीनं, निव्वळ सद्सद्विवेकबुद्धीपोटी, फाटक बंद राहिलं.

"देव तुमचं भलं करो," एव्हलीना म्हणाली. सचिवांनी टिपून घेतलं.

घरी कूटा ओसरीवर जाळं विणत बसलेला असायचा. त्याच्यापुढे लाल भात आणि कोळंबी ठेवून ती खाली बसली की तो विचारी, "काय, झाली का माफी मागून?"

"अजून क्रियापदापाशी आहेत."

"माझ्या आधी आटपतील?"

"तू जरा दम धर."

"कासव आहे ग मी, दगड नाही." तो दातांत दोरा धरून गाठ ओढायचा. "तू सरळ तोंडावर का नाही सांगत त्यांना? शाळेत तुझा आवाज पार धक्क्यापर्यंत यायचा. माझे मासे पळायचे."

"सरळ सांगितलं की ते रडतात. रडले की बैठक तहकूब होते."

"म्हणून गोड बोलतेस."

"शाळेचं दार माझ्या हातात होतं, कूटा. हे फाटक त्यांच्या हातात आहे."

कूटानं जाळं बाजूला सारलं. मग भातातली कोळंबी बाजूला काढत म्हणाला, "माफी मागायला येतील तेव्हा त्यांना खायला काय करणार आहेस?"

"मी का करू?"

"येणार म्हटलं की काहीतरी करायला लागतंच. आपल्यात कुणी उपाशी परत जात नाही." आणि तो हसला, खोकेपर्यंत हसला.

फेब्रुवारीत एका सकाळी एव्हलीना कॉफी घेऊन ओसरीवर आली तर जाळं त्याच्या मांडीवर होतं, सुई बोटांत होती, आणि गाठ अर्धी राहिली होती. तिनं कॉफीचा कप बाजूला ठेवला. सुई सोडवून घेतली. ती गाठ तिनं पुरी केली, मग चर्चमध्ये निरोप पाठवला.

त्या दिवशी सगळ्यात आधी दारात आले ते डॉक्टर हॉल्टमन. हातात काचेच्या भांड्यात केलेली मॅकरोनी, डोळे लाल. ते खरोखर रडले होते. एव्हलीनानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "फाटकाचं काय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी बैठक बोलावली, तातडीची, मौनाशिवायची, आणि तीतून जो तोडगा निघाला त्याला तोड नाही. नवीन दफनांना स्थगिती होती, पण समारंभांना नव्हती. क्षमायाचनेचा समारंभ कधीतरी करायचाच होता. तो कूटाच्या दफनाच्या दिवशी दफनभूमीतच घेतला तर सगळं नियमात बसत होतं. शोकाला आलेले सगळे 'समारंभाचे निमंत्रित' ठरणार होते. शवपेटी समारंभाच्या साहित्यात मोडत होती.

"एकच," एव्हलीना म्हणाली. "आधी माती. मग माफी."

"अर्थातच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

शुक्रवारी सकाळी चर्चचे डीकन रेंटी चौघांना घेऊन आत गेले आणि ओकच्या पाण्याकडच्या अंगाला, कूटाच्या आईशेजारी, खड्डा खणून दुपारी बाहेर आले. शनिवारी अंत्ययात्रा फाटकाशी पोचली. फाटकावरचा तरुण पहारेकरी फार अदबशीर होता. त्यानं शववाहिकेतल्या प्रत्येकाचं नाव पासवर लिहिलं, कूटाचंही, कारण नियम सर्वांना सारखा. 'भेटीचं कारण' या रकान्यापर्यंत त्याला अडचण आली नाही. 'परत निघण्याची वेळ' इथं त्याचं पेन थांबलं. त्यानं एव्हलीनाकडे पाहिलं.

"ते कोरं ठेव, बाळ," ती म्हणाली. "त्याला तशीही घाई आवडत नाही."

मग गाडी ओकच्या कमानीतून वळली आणि एव्हलीनाला दफनभूमी दिसली.

समितीनं तिच्यासाठी एक आनंदाचा धक्का राखून ठेवला होता. शुक्रवारी दुपारनंतर सदस्य स्वतः हातमोजे घालून दफनभूमीत उतरले होते. त्या जमिनीवर गोऱ्या हातांनी घाम गाळून फुकट काम करण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, आणि कुणी त्याचा गाजावाजा केला नाही हे नमूद केलं पाहिजे. जागेची अवस्था पाहून सगळ्यांचं मन विदीर्ण झालं होतं. जिकडेतिकडे फुटक्या बशा. कानतुटके कप. बुड नसलेले घडे, बंद पडलेली घड्याळं, दिव्याच्या काचा, औषधाच्या बाटल्या, शिंपले, शंख, एक इस्त्री, दातांची एक कवळी (ही डॉक्टरांनी व्यावसायिक आदरानं वेगळ्या पिशवीत ठेवली). इतकी वर्षं लोक इथं कचरा टाकत होते आणि कुणी काही बोललं नाही, म्हणून पॉलाबाई हमसून रडल्या, आणि रडतारडता त्यांनी तीन पोती भरली. काच वेगळी, चिनी माती वेगळी, शिंपले वेगळे. नगरपालिकेची गाडी संध्याकाळीच येऊन घेऊन गेली. उंचवटे दाताळ्यानं सपाट केले. वर गोल्फच्या मैदानावरची हिरवळ, गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली, उलगडून अंथरली. आणि हिरवळीवर पांढऱ्या घडीच्या खुर्च्यांच्या रांगा, सरळ, देखण्या, लग्नाला असतात तशा.

बेटावरच्या लोकांनी आपल्या माणसांवर दगड क्वचितच उभे केले. दगड ज्यांच्या मालकीचे होते त्यांनी ते उभे केले. यांच्यात माणूस ज्या कपातून शेवटचं प्यायला तो कप त्याच्या मातीवर ठेवायचा, आणि ठेवताना फोडायचा, म्हणजे इथली साखळी तुटते आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाला ओढून नेत नाही. शिंपले ठेवायचे, कारण पूर्वजांना जहाजांत कोंबून पाण्यातून आणलं होतं आणि पाण्यातूनच परत जायचंय. निळ्या नक्षीची बशी म्हणजे आई. बुड नसलेला घडा म्हणजे सेलिना आत्या. दोन सारखे छोटे पेले म्हणजे तिची जुळी. इतकंच वाचता यायला हवं होतं, आणि ते बेटावर सगळ्यांना येत होतं.

एव्हलीनाचा हात शवपेटीवर होता. तो तिनं काढला नाही.

"मिस एव्हलीना," डीकन रेंटी तिच्या कानाशी म्हणाले, "बोला काहीतरी."

"आत्ता नाही."

"आत्ता नाही तर मग कधी?"

"आत्ता बोलले तर उपसमिती बसेल, रेंटी. कूटा वर राहील."

डॉक्टर लगबगीनं पुढे आले. "कसं वाटलं?" त्यांनी हळूच विचारलं. "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

एव्हलीनानं त्यांच्याकडे पाहिलं. तोंडापर्यंत आलेला आशीर्वाद तिनं परत गिळला. "दिसतंय," ती म्हणाली.

मग बैठकव्यवस्थेत एक छोटीशी गंमत झाली. चर्चची आणि गावची मिळून दीड-दोनशे माणसं आली होती, पण त्यांतलं कुणी बसेना. म्हातारीकोतारीसुद्धा झाडांच्या बुंध्याला टेकून, खाडीच्या काठानं, कुंपणाला लागून उभी राहिली. डॉक्टर एकेकाला विनवत होते, "बसा ना, तुमच्यासाठीच मांडल्यात." माणसं मान हलवत आणि पाय आणखी आखडून घेत. समितीला कळेना. शेवटी पॉलाबाईंना उलगडा झाला की ही मानवंदना आहे, आणि सदस्य फार हलून गेले. एवढ्या खुर्च्या वाया जाऊ नयेत म्हणून वसाहतीचे रहिवासी बसले. मिसेस थॉर्नवेल तेवढ्या उभ्या राहिल्या, एका झाडाशी. गुडघा दुखतोय म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस खुर्ची का नाकारेल हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मागच्या रांगेत अजून काही खुर्च्या रिकाम्या होत्या. वाचकही इथवर चालत आले आहेत. त्यांनी संकोच न करता एखादी घ्यावी. तिथून सगळं नीट दिसतं, ऐकू येतं, आणि कुणी आपल्याला काही विचारत नाही.

कूटाला माती मिळाली. गाणं झालं, मनातल्या मनात नव्हे, आणि त्या दिवशी गोल्फ खेळणारेसुद्धा लांबवर थांबले. पाण्याकडे पाय करून, ओकखाली, सावकाश तो खाली गेला. माती ओढून झाल्यावर एव्हलीनानं पिशवीतून त्याचा कॉफीचा कप काढला, फावड्याच्या कडेवर आपटून फोडला, आणि तुकडे त्या उंचवट्यावर ठेवले.

"राहू दे, मी उचलते हं," पॉलाबाई मायेनं म्हणाल्या आणि खुर्चीतून वाकल्या. डीकन रेंटी मधे येऊन उभे राहिले.  पॉलाबाई गोंधळून परत टेकल्या.

मग डॉक्टरांनी कागद उघडला. 'या ठिकाणी भूतकाळात काही व्यक्तींना गुलामगिरीत ठेवले गेले...' त्यांचा आवाज मधेच भरून आला, त्यांना थांबावं लागलं. त्यात खोटं काही नव्हतं. पूर्ण वाचून झाल्यावर ते आपल्या खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्याच त्यांनी विचारलं, "एव्हलीना, तुम्ही आम्हाला क्षमा करू शकाल?"

सचिवांनी पेन टेकवलं. काय लिहायचं हे त्यांना पाठ होतं.

एव्हलीनानं खाली पाहिलं. कूटा खाली होता. आता त्याला कुणी वर ठेवू शकत नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता. धक्क्यापर्यंत जाईल असा होता. "माफीचं मी विचार करून सांगेन. खरंच सांगेन. आधी तुम्ही उठा."

"उठू?"

"तुम्ही माझ्या आईवर बसलायत."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. हिरवळ एकसारखी होती.

"पॉलाबाई, तुमच्या खुर्चीखाली सेलिना आत्या असावी. शेजारी तिची जुळी, एकाच जागी आहेत दोघं. तिसऱ्या रांगेत माझे आजोबा होते, नाहीतर त्यांचा भाऊ."

"पण इथं तर काहीच..." डॉक्टर अर्धवट उठले. "काही खुणा नव्हत्या एव्हलीना, नाहीतर आम्ही कशाला..."

"होत्या. काल तुम्ही पोत्यांत भरल्यात."

झाडाशी उभ्या मिसेस थॉर्नवेल यांनी मान खाली घातली. डॉक्टर तसेच वाकून राहिले, ना बसलेले ना उठलेले. एक पाय त्यांनी उचलला होता आणि तो कुठं टेकावा हे त्यांना कळत नव्हतं. "मग," ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "पाय कुठं ठेवू मी?"

"ते आता मलाही नीट सांगता यायचं नाही," एव्हलीना म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय, उठा. सगळेच उठा. तिकडे मागच्या रांगेत आरामात बसून ऐकताहेत, तेसुद्धा."